चौदावं पाऊल

रामटेके सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माणूस सोन्यासारखा. शिकवायचा असा की उनाडातलं उनाड पोरगं मान वर करून बघायचं. पण हट्टी! एकदा वहीत लिहिलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाही. माझाही स्वभाव काही गरीब गाईचा नाही, त्यामुळे आमचं बारा वर्षं रोज वाजायचं, आणि डबा मात्र रोज एकत्र उघडायचा.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा माझ्या नवऱ्याची नोकरी तिकडे गेली, माझी भंडाऱ्यात राहिली. दोघं एका घरात राहावेत असं कागद हलवणाऱ्यांपैकी कुणालाच वाटलं नाही. मला मोहपारच्या शाळेत टाकलं. वैनगंगेच्या काठचं गाव, पन्नास-साठ घरं, सातवीपर्यंतची शाळा. मी मराठी शिकवायची. गणित यादोराव रामटेके सरांकडे. सर त्याच गावचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची आई, तुळसाबाई. तुळसाबाईंचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले होते, पण नवख्या माणसाला ते तासभर तरी कळायचं नाही, इतकी ती बाई त्या घरात सरसर चालायची.

सरांची भूमिती पुस्तकात नव्हती, गावात होती. वर्तुळ शिकवायला पोरांना घेऊन खळ्यावर जायचे. "हे खळ्याच्या मधलं मेढं, हे केंद्र. बैलाचं दावं ही त्रिज्या. आता बैल फिरवा, परीघ आपोआप निघतो." धानाच्या बांधीत उभं करून विचारायचे, "सांग, ही बांधी चौरस आहे का? एक बांध दुसऱ्याएवढा आहे का? नाही ना? मग हिचं क्षेत्रफळ कसं काढशील?" आणि पोरं चिखलात उभी राहून समलंब चौकोन शिकायची. मी हिणवायची, "सर, तुमच्या वर्गाला वह्या कमी आणि साबण जास्त लागतो."

शाळेत मोजायची टेप एकच. कापडी, एका बाजूला मीटर, दुसऱ्या बाजूला फूट. तिचा पहिला फूट जागेवर नव्हता. खिडकीत वाळत टाकली होती तेव्हा बकरीनं खाल्ला म्हणे. नवी टेप मागवायचे अर्ज जायचे, टेप काही यायची नाही. मग सरांनी नियम केला. एकावर धरा, एक कमी करा. म्हणजे टेपचं एक नंबरचं टोक भिंतीला लावायचं आणि जे माप येईल त्यातून एक वजा करायचा. पाढ्यासारखा हा नियम पोरं म्हणायची. मोठी पोरं लहान पोरांना शिकवायची. वर्गात घुसलं की ऐकू यायचं, "एकावर धरा, एक कमी करा!" मला तर झोपेतही ते ऐकू यायला लागलं होतं.

अशीच वर्षं गेली. गोसीखुर्दचं धरण भरणार, आपलं गाव बुडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बांधाशी पाणी दिसणं वेगळं. ज्या वर्षी पाणी बांधीत दिसायला लागलं, त्याच वर्षी भंडाऱ्याहून साहित्याची पेटी आली. पेटीत नवीकोरी टेप. पिवळी, टोकाला पितळी कडी, शून्यापासून सुरू होणारी. सरांनी ती पोरांसमोर उघडली आणि म्हणाले, "आता एकावर नाही धरायचं. आता शून्यावर धरायचं."

एवढंच बोलले. बरोबर बोलले. पण अर्धंच बोलले, हे त्या दिवशी त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही.

मग त्यांनी सहावी-सातवीला कामाला लावलं. गाव बुडायच्या आधी गावातलं प्रत्येक घर आतून-बाहेरून मोजायचं, वहीत नकाशा काढायचा, खोलीखोलीचं क्षेत्रफळ आणि परिमिती लिहायची. "पाणी घर नेईल," सर म्हणाले, "माप नेणार नाही." मला त्या वाक्यानं भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मीच ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं.

सरांचं घर मोजायला सहावीतली सगळ्यात हुशार मुलगी गेली. तिचं नाव मी सांगणार नाही, आणि ते का, हे पुढे कळेलच. मीही सोबत गेले होते, तुळसाबाईंच्या हातचा चहा प्यायला. म्हातारी माजघराच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती. टेपची सळसळ ऐकून हसायला लागली.

"काय मोजून राहिल्या वं पोरी? मले विचार नं. ह्या भिंतीले टाच लावून निघाली का रांधणीच्या उंबऱ्यापरेंत चौदा पावलं. ना एक कमी, ना एक जास्त."

आणि उठून तिनं चालून दाखवलं. पावलाला पाऊल लावल्यासारखं चालायची ती, फूटभराचं पाऊल. चौदाव्या पावलानंतर उजवा पाय आपोआप वर उचलला गेला, उंबरा ओलांडला, आणि ती चुलीपाशी. खाली बघायचा प्रश्नच नव्हता. उंबऱ्याचं लाकूड मधोमध झिजून वाटीसारखं खोल झालं होतं, साठ वर्षं तिचेच पाय लागून.

मुलीनं वहीत लिहिलं, माजघर लांबी तेरा फूट.

मी ते पाहिलं. मला वाटलं, पाऊल म्हणजे काय फूटपट्टी आहे का? आणि गणित माझा विषय नव्हे. मी चहा प्यायले आणि घरी आले. सरांनी दुसऱ्या दिवशी वही तपासली. गुणाकार तपासले, बेरजा तपासल्या, सगळं अचूक. खाली लाल पेनानं लिहिलं, शाब्बास. आम्ही मास्तर लोक असेच. हिशोब तपासतो, मोजणी तपासत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाव उठलं. लोकांनी छपरांवरचे कवेलू उतरवले, दारं-चौकटी काढल्या, ट्रॅक्टरवर लादल्या. दहा किलोमीटरवरच्या माळावर नवं गावठाण, ओळीनं आखलेले भूखंड. नाव तेच, मोहपार, पण जुन्या गावाला नदी होती आणि याला डांबराचा रस्ता. शाळाही तिथंच आली.

सरांनी आधी टिनाच्या दोन खोल्या उभ्या केल्या. आणि तिथं सुरू झालं ते.

तुळसाबाई त्या टिनाच्या खोलीत जुन्या घरातूनच चालायची. म्हणजे कसं सांगू? सकाळी उठायची, भिंतीला टाच लावायची, आणि निघायची. आठव्या पावलाला टिनावर धाडकन आपटायची. कधी मोकळ्या अंगणात चालता चालता मध्येच थांबून पाय उंच उचलायची, तिथं नसलेला उंबरा ओलांडायला. सपरीचं, म्हणजे पुढच्या ओसरीचं, दार जुन्या घरी बुटकं होतं, म्हणून इथं उघड्या आभाळाखाली मान वाकवायची. मी एकदा भर दुपारी बारा वाजता हे पाहिलं. जे घर पाण्याच्या तळाशी होतं, ते तिच्या पायात होतं, आणि ती त्यात राहत होती. आपण सगळे तिच्या भिंतींमधून आरपार फिरत होतो.

कपाळाला दोनदा टाके पडले. तिसऱ्यांदा आपटली आणि मग ती उठेचना. खाटेवर बसून राहायला लागली. जेवण अर्ध्यावर, मग चार घासांवर. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सरांना स्पष्ट सांगितलं, "आई चालत राहिली तर अजून दहा वर्षं जगेल. बसून राहिली तर पावसाळा काढणं कठीण."

त्या दिवशी सर शाळेत आले ते चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत काहीतरी पक्कं ठरवल्यासारखं. "बाई," मला म्हणाले, "मी मायचं घर बांधतो. तेच. फुटाला फूट, इंचाला इंच. चौकटी माझ्याकडे आहेत, उंबरे आहेत. मापं वहीत आहेत. ती डोळे मिटून चालेल."

"डोळे उघडे असून तरी काय दिसतंय तिला," मी म्हटलं. सर हसले. मला खरं म्हणजे रडू येत होतं.

सरकारी कागदावर घराचं बाहेरचं एकूण क्षेत्रफळ तेवढं होतं, आतल्या खोल्यांशी सरकारला काय करायचंय! म्हणून त्या मुलीच्या वहीवरूनच सरांनी भूखंडावर दोरी ताणली, चुन्याची फक्की टाकली, आणि अख्खं घर जमिनीवर पांढऱ्या रेघांनी काढलं. सपरी, माजघर, रांधणी, मागच्या परसातली सांदवाडी. रांधणीच्या दाराच्या जागी जुना उंबरा आडवा ठेवला. मग आईला हाताला धरून आणलं, मागच्या रेघेवर उभं केलं. सात-आठ महिन्यांनी म्हातारी चालणार होती. शेजारपाजार गोळा झाला.

ती निघाली. सरांनी हात सोडला, पण हात तसाच हवेत धरून बाजूनं चालत राहिले. तेराव्या पावलाला तिचा अंगठा उंबऱ्याला लागला. ती थांबली.

"यादो," ती म्हणाली, "हा घर आखूड आहे."

"नाही माय. बरोबर आहे. वहीत आहे."

"माह्या पायात चौदा आहेत नं बाप्पा."

"माय, सात महिने चालली नाहीस तू. पाऊल लांब पडलं असेल."

ती परत मागे गेली, परत चालली. परत तेरा. मग तिनं इकडून तिकडं, रुंदीतही चालून पाहिलं. "हाही एकानं कमी," म्हणाली. सपरीत गेली. "हाही." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, म्हातारीचं ऐका हो. साठ वर्षं चालली आहे ती त्या घरात."

तेव्हा ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "बाई, आठवणीतलं घर नेहमी मोठंच असतं. माणूस आठवतो, वही मोजते. मी पोरांना हेच शिकवलं ना वर्षानुवर्षं, की अंदाज करू नका, मोजा? आता माझ्याच घराच्या वेळी अंदाजानं बांधू?"

तुळसाबाईंनी मान खाली घातली. "बरं," म्हणाली. "तू मास्तर आहेस."

बांधलं घर. दिवाळीला आत गेले. आणि मी कबूल करते, सुरुवातीला मलाच वाटलं की सर जिंकले. म्हातारी चालायला लागली. भाकरी थापायला लागली. सांदवाडीत वांग्याची रोपं लावली तिनं, हातानं चाचपून. फक्त एक फरक होता. जुन्या घरात ती चालताना गाणं म्हणायची, बोलायची, कुणाला शिव्या घालायची. या घरात चालताना तिचे ओठ हलायचे. मोजायची ती. एक, दोन, तीन… तेराला पाय उचलायचा, चौदाला नाही. पायाला सवय चौदाची, डोक्यात आकडा तेराचा. मी विचारलं, "काय म्हणता हो मनात?" म्हणाली, "नवा पाढा पाठ करून राहिली बाई. ह्या वयात."

चार महिने तिनं तो पाढा चुकवला नाही.

फाल्गुनातली सकाळ होती. उजाडलं होतं चांगलं. सरांनी त्या दिवशी स्वतः चहा केला होता, आणि रांधणीतून मोठ्यानं हाक मारली, "माय, चहा झाला गं! ये लवकर, गुळाचा आहे!" गुळाचा चहा म्हणजे तिचा जीव. आणि ती खूश झाली. "आली रे, आली!" म्हणत निघाली. सरांनी मला नंतर सांगितलं, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती बोलत बोलत आली. बोलत होती म्हणून मोजत नव्हती. तिचे पाय जुन्या घरातून निघाले. उंबरा एक पाऊल आधी आला.

खुब्याचं हाड मोडलं. एकोणीस दिवस काढले तिनं. मी रोज शाळा सुटली की जायची. शेवटच्या दिवसांत सर तिच्या पायाशी बसून असायचे, पाय हातात धरून. एकदा ती म्हणाली, मी ऐकलं आहे माझ्या कानांनी, "कायले रडतं बाप्पा? तुह्या वहीत बरोबरच असन. माहेच पाय चुकले." आणि दोन दिवसांनी ती गेली.

मला राग येतो तो इथं. मरताना तिनं चूक आपल्या पायांवर घेतली. मुलगा मास्तर आहे म्हणून.

त्यानंतर सर शाळेत यायचे, शिकवायचे, पण खळ्यावर पोरांना नेणं बंद झालं. महिन्याभरानं डबा खाताना मला म्हणाले, "बाई, घरात माय चालते."

मी देवदेव करणारी, उपासतापास करणारी बाई. ते बुद्धाला मानणारे, घरात कधी अंगारा-धुपारा नाही. गावात कुणाला भूत लागलं म्हटलं की हसून हसून पोट धरायचे. असला माणूस हे सांगतो?

"सकाळी," ते म्हणाले. "चहा ठेवला की. मागच्या भिंतीपासून निघते. तेरा पावलं ऐकू येतात. मग काहीच नाही. मग परत पहिल्यापासून. तेरा. उंबऱ्यापाशी थांबते आणि परत जाते. चहा निवून जातो."

"सर, शांती करून घ्या. नाही तर तुमच्याकडं जे करतात ते करा, वंदना म्हणा, काहीतरी करा."

"मी भूत मानत नाही, बाई."

"मग?"

"मी फक्त मोजतो," ते म्हणाले, आणि डब्याचं झाकण लावून वर्गावर गेले.

पावसाळ्यात शाळा सुरू झाली. त्या वर्षी सहावीत गोलू नावाचा एक पोरगा होता. सर परिमिती शिकवत होते. मी शेजारच्या वर्गात शुद्धलेखन घेत होते, मध्ये नुसता लाकडी पडदा. सर म्हणाले, "गोलू, फळा मोज." टेपची सळसळ ऐकू आली. "पाच फूट, सर." मग शांतता. एवढी लांब शांतता की माझ्या वर्गातली पोरंसुद्धा लिहायची थांबली. मी उठून पडद्याच्या फटीतून पाहिलं.

सर फळ्याजवळ गेले होते. टेपची पितळी कडी फळ्याच्या डाव्या कडेला बरोबर लावलेली, शून्यावर. उजव्या कडेला टेपवर आकडा होता, सहा.

"सहा आहे," सर म्हणाले. "तू पाच का सांगितलंस?"

"एक कमी केला नं सर."

"काहून?" सर वर्गात कधी असं बोलत नसत. त्या दिवशी तोंडातून घरची बोली निघाली. "कायले कमी केला?"

गोलू गांगरला. "नियम आहे नं, सर. तुमीच सांगतलं. शून्यावर धरा, एक कमी करा."

आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "शून्यावर धरा, एक कमी करा!" पोरांना वाटलं, सर पाठांतर घेताहेत.

जुन्या टेपबरोबर नियमाचा पहिला अर्धा गेला होता. दुसरा अर्धा कुणी पुसलाच नव्हता. वर्षामागून वर्षं तो पोरांनी पोरांना दिला होता, आणि त्या वर्षी जी जी घरं मोजली, जी जी खोली वहीत उतरवली, ती एकेका फुटानं आखूड झाली होती. पन्नास-साठ घरं. लांबीत एक, रुंदीत एक.

सर खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर, फळ्याला टेकून. पोरं घाबरली. मी आत गेले, पोरांना बाहेर काढलं. सर माझ्याकडं बघून नुसते म्हणाले, "चौदा होते, बाई." मला तो दिवस आठवला. म्हातारी चौदा म्हणाली होती, पोरीनं तेरा लिहिलं होतं, आणि मी चहा पीत होते. मी त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर? हे मी सरांना कधीच सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगते आहे.

मी म्हटलं, त्या मुलीला सांगायला हवं. तेव्हा मात्र ते पहिल्यासारखे भडकले. "खबरदार! तिनं मी शिकवलं तेच केलं. माझी चूक तिच्या डोक्यावर घालू नका." वहीतला शाब्बास त्यांनी खोडला नाही. म्हणून मीही नाव घेत नाही. ती पोरगी आता जवाहरनगरला संसाराला लागली आहे, लेकराची आई आहे, आणि तिला यातलं काही माहीत नाही.

पुढच्या मे महिन्यात, सर निवृत्त झाले त्याच महिन्यात, धरणाचं पाणी बरंच उतरलं. जुन्या मोहपारचा उंच भाग उघडा पडल्याचं मासे मारणाऱ्यांनी सांगितलं. सर मला म्हणाले, "टेप धरायला एक माणूस लागतो." माझं वय पन्नास, गुडघे दुखरे, ऊन रणरणतं. पण गेले. डोंग्यात बसून गेलो.

गाव नव्हतं, गाळ होता. वाळून भेगा पडलेला राखाडी गाळ, आणि त्यातून वर आलेली घरांची दगडी जोती, ओळीनं. एका घराचं जातं तसंच पडलेलं. सरांनी आपलं जोतं ओळखलं, हातानं गाळ खरवडला. मागच्या भिंतीचा दगड सापडला. रांधणीच्या दाराशी उंबरा बसवायची खाच सापडली. त्यांनी पितळी कडी माझ्या हातात दिली. मी ती भिंतीच्या दगडाला लावून बसले. ते टेप सोडत खाचेपर्यंत गेले, वाकले, आणि तसेच वाकून राहिले.

"किती?" मी ओरडले.

"चौदा."

मग त्यांचे ओठ हलताना दिसले. इतक्या वर्षांची सवय.

"सर," मी म्हटलं, "वजा नका करू आता."

ते गाळात गुडघ्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. "माय बरोबर होती," एवढंच परत परत. मी टेपची कडी सोडली नाही. मला वाटलं, सोडली तर माप हरवेल.

परत आल्यावर त्यांनी गवंडी बोलावला आणि रांधणीची भिंत पाडायला लावली. चांगली दीड वर्षाची भिंत! लोक म्हणाले, मास्तरचं डोकं फिरलं. गवंडी म्हणाला, "एका फुटासाठी कायले तोडता गुरुजी?" सर म्हणाले, "एका फुटासाठीच तोडतो." भिंत एक फूट पुढे सरकली. तोच झिजलेला उंबरा नव्या जागी बसला. सिमेंट सुकेपर्यंत सरांनी चहा शेजारच्या घरी घेतला.

सुकल्यावर मला निरोप आला. सकाळी या. मी गेले. चांगलं ऊन आलं होतं, सांदवाडीत तुळसाबाईंनी लावलेली वांगी अजून धरत होती. सरांनी रांधणीत चूल पेटवली होती, गॅस असून. मला खुर्ची दिली ती मी उंबऱ्याजवळ, दाराशी टाकून बसले. गुळाचा वास सुटला. तीन कप भरले त्यांनी. मी मोजले.

मग त्यांनी माजघराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली. "माय, चहा झाला गं! ये लवकर, गुळाचा आहे!"

त्यांचे ओठ हलायला लागले. एक. दोन. मी माजघराकडं बघत होते. रिकामी खोली, मागची भिंत, जमिनीवर कवडसा. मी उपास करणारी, मला सगळं ऐकू यायला हवं होतं. काही नाही. चूल तडतडत होती तेवढीच. अकरा. बारा. सरांनी डोळे मिटले. तेरा. त्यांचा हात कपाच्या कानावर घट्ट झाला होता. तेराच्या पुढं काय, यावर त्या माणसाचं सगळं अडलं होतं.

मला काहीही ऐकू आलं नाही. आजही शपथेवर सांगेन. पण मी उठले, आणि माझी खुर्ची दारातून बाजूला सरकवली.